धोंडस बिघडतं ते काकडी किसतानाच

धोंडस म्हणजे काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ यांचा भाजून केलेला गोड पदार्थ. गणपती जवळ आले की मला त्याचे फोटो येऊ लागतात. "अगं, धोंडस असं गिच्च का झालं?" नाहीतर, "कोरडं भुसभुशीत का झालं?" मी आधी एकच विचारते, काकडी पिळलीस का? बहुतेक वेळा पिळलेली असते.

ही कोशिंबिरीची सवय आहे. तिथे पाणी नको असतं, इथे पाण्यावरच सगळं उभं आहे. तांदळाचा रवा फुलतो तो काकडीच्या पाण्यात. ते पिळून ओतून द्यायचं आणि मग रवा शिजत नाही म्हणून वाटीभर दूध घालायचं, याला काय म्हणावं? काकडीची चव गेली, गुळाचा शिरा झाला. आमच्या आजीच्या कृतीत पाणी किंवा दूध हा शब्दच नाही. एक वाटी रव्याला दोन वाट्या कीस, सुटलेल्या पाण्यासकट. पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची. कीस आणि गूळ आधी एकत्र गरम करायचे, गूळ विरघळला की भाजलेला रवा घालायचा. मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागलं की थांबायचं. त्याआधीच फार घट्ट वाटलं, तर मी दोन चमचे नारळाचं दूध घालते, त्याहून जास्त नाही.

काकडीही कोणतीही चालत नाही. सॅलडची कोवळी काकडी नुसती पाणचट असते. हवं ते जून तवसं, म्हणजे पिवळसर सालीची, जाड गराची मोठी काकडी. कोकणात ही तवशी काथ्याने बांधून वाशांना टांगून ठेवतात, ती पुढे कित्येक दिवस टिकतात. गोव्यातली तवसळी, म्हणजे तिथलं धोंडस, तीही याच काकडीची. मुंबई-पुण्यात गणपतीच्या आसपास कोकणातला माल विकणाऱ्यांकडे विचारलं की मिळतं. साल काढा, बिया आणि मधला मऊ गर काढून टाका, मगच किसा.

आणि किसण्याआधी चाखा. हे मी ओरडून सांगते, कारण मी स्वतः ते एकदा केलं नाही. गौरी जेवणाचा दिवस, घरात वीस माणसं, तीन तवशी भराभर किसली. आजी प्रत्येक तवशाची दोन्ही टोकं आणि मधला तुकडा चाखायची. मला वाटलं, एवढा वेळ कुठे आहे? भाजलेला खरपूस वास घरभर पसरला, पहिला तुकडा सासऱ्यांच्या पानात वाढला आणि त्यांनी तो मुकाट्याने पानाच्या कडेला सरकवला. तिन्हीतलं एकच तवसं कडू होतं. सगळं भांडं टाकून द्यावं लागलं. काकडीतलं कुकर्बिटासिन हे द्रव्य शिजवून जात नाही, गूळ कितीही घातला तरी लपत नाही. टोक कापून फेस येईपर्यंत घासण्यावर माझा भरवसा नाही. कडू लागलं की ते तवसं सरळ बाजूला, थोडंसुद्धा वापरायचं नाही. खूप कडू काकडी पोटालाही बाधते.

रवा तुपावर मंद भाजा, घाई केलीत तर कच्चट लागेल.

इडली रवा उकड्या तांदळाचा असतो, त्याला पाणी वेगळं लागतं. आजीच्या मापात साध्या तांदळाच्या कण्याच बसतात.

सोडा, बेकिंग पावडर नको. धोंडस फुगवायचं नसतं. ते जड, ओलसर असतं आणि तसंच चांगलं लागतं.

शिजलेलं मिश्रण ज्या भांड्यात भाजायचं, त्याच्या तळाशी हळदीचं पान घालाच. पूर्वी झाकणावर निखारे आणि खाली मंद आच असे, म्हणून वरून लालसर व्हायचं. मी ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं ठेवते. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं भांडं तव्यावर ठेवून मंद आचेवर, पण वरचा रंग येणार नाही हे धरून चाला.

आता सगळ्यात अवघड भाग, थांबणं. गरम असताना कापलं की सुरीला चिकटतं, वडी पडत नाही आणि लोक म्हणतात, कच्चं राहिलं. राहिलेलं नसतं. तांदळाला थंड होऊन बसायला वेळ लागतो. आमच्याकडे धोंडस रात्री करून ठेवतात आणि सकाळी कापतात, वर पातळ तूप सोडून.