परदेशातून गिफ्टसाठी मोबाईल-लॅपटॉप आणताय? आधी कस्टमचं गणित बघा

दुबई असो की डलास, तिकीट बुक झाल्याची बातमी लातूर-नांदेडच्या फॅमिली ग्रुपवर पडली की फर्माईशी सुरू होतात. दाजीला आयफोन, भाच्याला प्लेस्टेशन, साडूला घड्याळ, आणि सोबत ठरलेलं वाक्य, "अरे गिफ्ट म्हणून आण, गिफ्टला टॅक्स नसतो." तर पहिल्यांदा हेच डोक्यातून काढा. कस्टमला गिफ्ट असा वेगळा कप्पाच नाही. वस्तू तुमच्यासाठी आहे, बायकोसाठी आहे की दाजीसाठी, त्यानं काही फरक पडत नाही, नवी वस्तू आहे ना, मग तिची किंमत तुमच्या नावावर धरली जाते आणि हिशोब प्रत्येक प्रवाशाचा वेगळा होतो.

आता ड्युटी, म्हणजे कस्टमचा कर, न भरता सामान आणायची लिमिट किती. आधी ५० हजार होती, २०१६ च्या नियमातली, आणि नेटवर अजून बऱ्याच ठिकाणी तोच आकडा फिरायलाय. २ फेब्रुवारी २०२६ पासून नवे बॅगेज नियम आले, त्यात भारतात राहणाऱ्याला आणि मूळच्या भारतीय पाहुण्याला विमानानं येताना ७५ हजारापर्यंतचं सामान ड्युटी न भरता आणता येतं. म्हणजे पासपोर्ट अमेरिकेचा झालेला तुमचा चुलतभाऊ सुट्टीला आला तरी त्याला ७५ हजारच. परदेशी मूळ असलेल्या टुरिस्टला मात्र २५ हजार. अंगावरचे कपडे, हातातला वापरातला मोबाईल, घड्याळ, रोजच्या वापराचं सामान हे यात मोजत नाहीत. शिवाय १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा माफ आहे, तो ७५ हजारात धरत नाहीत. त्यामुळं घरच्यांसाठी काही महागडं न्यायचंच असेल तर माझं मत, लॅपटॉप न्या, त्यात खरंच फायदा होतो.

मोबाईलचं गणित असं. समजा फोन १ लाख २० हजाराचा आहे. त्यातून ७५ हजार वजा, उरले ४५ हजार. त्यावर बॅगेजची ड्युटी ३५ टक्के आणि त्या ड्युटीवर १० टक्के सरचार्ज, मिळून ३८.५ टक्के, म्हणजे १७ हजार ३२५ रुपये. आता इथं किती स्वस्त पडला ते बघा. दुबईत फोन दहा-बारा हजारानं स्वस्त मिळत असेल तर ड्युटी भरून तो संभाजीनगरच्या दुकानापेक्षा महाग पडला की! आणि फोन दोन असले तर ७५ हजाराची सूट दोनदा नाही मिळत, एकदाच, बाकी सगळ्यावर ड्युटी.

मग लोक म्हणतात आम्ही नवरा-बायको दोघं आहोत, दोघांचे मिळून दीड लाख. नाही. सूट एकत्र करता येत नाही. एकच वस्तू १ लाख २० हजाराची असेल तर ती एकाच माणसाच्या नावावर धरतात, दुसऱ्याची उरलेली सूट तिला जोडत नाहीत. हां, दोन वेगळे फोन ७०-७० हजाराचे असतील आणि एक तुमच्या बॅगेत, एक मिसेसच्या, तर दोघंही आपापल्या लिमिटमध्ये. बिलंही दोघांच्या नावानं वेगळी घ्या, एकाच बिलावर दोन फोन असले की काउंटरवर उगाच वाद होतो.

बिलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाची गोष्ट हीच. बिल नसलं तर अधिकारी इंटरनेटवर त्याच मॉडेलची किंमत काढतो आणि तीच धरतो, तुम्ही सेलमध्ये घेतलेला असला तरी. बिलावर मॉडेल, मेमरी, तारीख स्पष्ट पाहिजे, शक्यतो आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, पण. थर्मल कागदाची पावती बॅगेत घासून घासून पुसट होते म्हणून दुकानातच तिचा फोटो काढून ठेवा. रुपयातला हिशोब कस्टमनं जाहीर केलेल्या दरानं होतो, तुमच्या फोनवरच्या ॲपच्या दरानं नाही, त्यामुळं लिमिटच्या अगदी काठावर खरेदी करू नका, दोन-तीन हजाराची जागा सोडा.

आता एअरपोर्टवर काय होतं. मुंबईला उतरून पुढं संभाजीनगरच्या चिकलठाण्याचं विमान पकडायचं असलं तरी कस्टम मुंबईतच होतं. बेल्टवरून बॅग घ्यायची, कस्टममधून बाहेर यायचं आणि परत पुढच्या विमानाला द्यायची. त्यामुळं मधे वेळ भरपूर ठेवा. नांदेड, देगलूर, उदगीरकडचे बरेच जण हैदराबादला उतरून येतात, तिथंही नियम हेच. बॅग घेतली की दोन रस्ते, हिरवा आणि लाल. लिमिटच्या आत असाल तर हिरव्यातून सरळ बाहेर. जास्त असेल तर लाल, तिथं डिक्लेरेशन द्यायचं, बिल दाखवायचं, पैसे भरायचे, पावती घ्यायची. कस्टमचं 'अतिथी' नावाचं ॲप आहे, त्यात डिक्लेरेशन आधीच भरून ठेवता येतं, रात्री दोनच्या फ्लाइटनं उतरल्यावर डोकं चालत नसतं तेव्हा बरं पडतं. जास्तीचं सामान घेऊन हिरव्यातून निघालात आणि अडवलं तर नुसती ड्युटी भरून सुटका नाही, वस्तू जप्त होऊ शकते, वर दंड वेगळा. बॉक्स फेकून फोन खिशात टाकला की जुना होतो हा सल्ला देणारे लई आहेत, पण खिशात दोन कोरे करकरीत फोन आणि हातात तिसरा असलेला माणूस अधिकाऱ्याला रोजच दिसतो. शिवाय गिफ्ट द्यायचंय ना, बॉक्स फेकून दाजीला काय देणार?

काही वस्तूंच्या फर्माईशीला सरळ नाही म्हणा. फ्लॅट टीव्हीला २०१३ पासून ही सूटच नाही, पहिल्या रुपयापासून ड्युटी लागते. लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन आण म्हणणारा एखादा पुतण्या असतोच, पण परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. ई-सिगारेट, व्हेप २०१९ पासून देशातच बंद. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आणला तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. आणि "माझ्या मित्राच्या भावाचं एवढंसं पाकीट आहे, नेशील का" म्हणत कुणी सीलबंद खोकं दिलं तर मुळीच घेऊ नका, बॅग तुमची म्हणजे जबाबदारी तुमची. गल्फमध्ये कामाला असलेल्या आपल्या पोरांना हे जास्त सांगावं लागतं कारण भिडेखातर नाही म्हणवत नाही.

कुरिअरनं पाठवू का, असंही विचारायलेत काही जण. पाच हजारापर्यंतच्या गिफ्टची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी वाचली. फोन पाठवला तर ड्युटी लागणारच.

वस्तू निवडताना कस्टमच्या पलीकडचंही बघा. अमेरिकेतल्या आयफोनला १४ पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. गावाकडं आजोबांना तो दिला तर सिम काढून दुसऱ्यात टाकायची सवय असलेल्या माणसाची पंचाईत. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०, म्हणून मिक्सर, ड्रायर, ट्रिमर घेताना मागं १००-२४० लिहिलेलं आहे का बघा, नाहीतर पहिल्याच दिवशी धूर. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि १०० वॅट-अवरच्या आतली घ्या. २० हजार एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर भरते, ती चालते.

आणि जे इथून महागडा कॅमेरा नाहीतर दुसरा लॅपटॉप घेऊन बाहेर चाललेत त्यांनी जायच्या दिवशी एअरपोर्टवर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. वस्तू आणि तिचा सिरीयल नंबर दाखवावा लागतो, म्हणून बॅग चेक-इनला द्यायच्या आधी हे काम करा. परत येताना तीच वस्तू परदेशातून नवी घेतली म्हणून कुणी ड्युटी मागितली तर तो कागद पुढं करायचा.