पायवाटेवर काय पडलंय, ते कसं पाहावं

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात ठसे उठून दिसतात. डोक्यावर ऊन आलं की तेच ठसे सपाट होतात. दहा पावलं चाला, थांबा, मग वाटेच्या कडा पाहा. मधला भाग माणसांनी तुडवलेला असतो.

ठसा दिसला की शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून बरोबर वरून फोटो घ्या. नाण्याचा व्यास २७ मिमी, त्यावरून माप निघतं. तिरका फोटो घेतला तर माप हमखास चुकतं. बोटांपुढे नखांच्या खुणा असतील तर बहुधा कुत्रा. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो.

सापाची कात मिळाली तर घाई करू नका, ती निवांत पाहण्याची गोष्ट आहे. मोज्यासारखी उलटी निघते, म्हणून शेपटीचं टोक साप गेला त्या दिशेला असतं. डोक्याकडे डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्याही दिसतात. कात ताणली जाते, तेव्हा तिच्या लांबीवरून सापाची लांबी धरू नका.

कोरड्या, भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसले तर तळाशी मुंग्यांची वाट पाहणारी अळी आहे. काडीने दोन कण आत पाडा. ती माती उडवते.

विष्ठेला हात लावू नका, त्यात जंत असू शकतात. काडीने उकला: केस म्हणजे शिकार, बिया म्हणजे फळं. साळिंदराचा काटा सापडला तरी तिथंच राहू द्या. अभयारण्यातून काहीही उचलून आणायचं नसतं.