ओव्हरक्लॉकिंगसाठी एअर कूलर निवडताना

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवणे; त्यासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. प्रोसेसरमधील उष्णता साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे व्होल्टेज १.२० व्होल्टवरून १.३२ व्होल्टपर्यंत, म्हणजे अवघे दहा टक्के वाढवले, तरी त्याच वेगाला सुमारे एकवीस टक्के अधिक उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणून कूलर निवडताना प्रोसेसरच्या खोक्यावरील टीडीपीच्या (नेहमीच्या वापरात किती उष्णता निघेल याच्या) आकड्यावर विसंबू नये.

खरेदीपूर्वी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो, हे तपासावे. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा दोन टॉवरचा, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे. त्याचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो आणि रॅम ३२ मिलिमीटरपेक्षा उंच असल्यास पंखा वर सरकवावा लागतो, म्हणजे एकूण उंची आणखी वाढते आणि जागा कमी असल्यास कॅबिनेटचे काचेचे झाकण बसत नाही. दिव्यांच्या शोभेची उंच रॅम घेणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. मदरबोर्डवरील प्रोसेसरच्या सॉकेटला जुळणारे, कूलर बसवण्याचे ब्रॅकेट सोबत मिळते का, हेही पाहावे.

एअर कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात संगणक वापरणाऱ्याने माझ्या मते थेट दोन टॉवरचाच कूलर घ्यावा, आणि हिवाळ्यात स्थिर ठरलेले ओव्हरक्लॉकिंग उन्हाळ्यात पुन्हा तपासावे.