ऐकू येतं, पण समजत नाही? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओरडणं. घरोघरी होते, रोज होते.

वयोमानाने ऐकू कमी येऊ लागतं तेव्हा आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स्वरांचा जोर बहुतांशी १००० हर्ट्झच्या खाली असतो आणि तो बराच काळ टिकतो. स, श, फ, त, क ही व्यंजनं ओळखायला लागणारी खूण मुख्यतः २००० हर्ट्झच्या वर असते आणि कान तिथेच अधू झालेला असतो. त्यामुळे साठ, पाठ, काठ, ताठ या चारही शब्दांतला 'आ' नीट पोचतो, पहिलं व्यंजन हरवतं. शांत खोलीत मेंदू संदर्भावरून ते भरून काढतो. चार माणसं एकदम बोलू लागली, की संदर्भच तुटतो.

ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं त्या मानाने मागेच राहतात. शिवाय आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या रोमपेशी गेल्या, की हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो, कधी असह्यही होतो. "मोठ्याने बोल" आणि पाठोपाठ "ओरडतोस कशाला?" हे एकाच तोंडून निघतं ते यामुळे. त्याला हट्टीपणा म्हणणं अन्याय आहे.

त्यापेक्षा जवळ जा. दोन मीटरवरून एक मीटरवर आलात, तर तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट आहे तेवढाच राहतो. आधी नावाने हाक मारा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, वाक्य जरा सावकाश आणि छोट्या तुकड्यांत बोला. वयाबरोबर मेंदूला झरझर बोलणं उलगडायला वेळ लागतो, कान शाबूत असला तरीही. समजलं नाही, तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. 'साठ' कळलं नाही, तर 'सहावर शून्य' म्हणा.

दुसरी चूक श्रवणयंत्राच्या बाबतीत, आणि ती उतावीळ लोकांची. नेहमीचं चित्र असं: यंत्र घेऊन आठवडाही झालेला नाही आणि आजोबांना थेट समारंभाला नेलं. दहा जणांचं टेबल, डोक्यावर स्पीकर. समजेना म्हणून यंत्राचा आवाज चढवला, तर भांड्यांचा खणखणाट आणि मागच्या टेबलावरची बडबडही तेवढीच चढली. घरी आल्यावर यंत्र डबीत गेलं, ते कायमचं. दोष यंत्राला दिला, पण चुकली होती बसायची जागा. यंत्रातला दिशादर्शक मायक्रोफोन समोरचं उचलतो आणि मागचं दाबतो, म्हणून गोंगाट पाठीमागे आणि बोलणारा समोर हवा. तरीही फायदा काही डेसिबलचाच. जास्त हवा असेल, तर बोलणाऱ्याच्या कॉलरला, तोंडापासून वीतभर अंतरावर लावायचा वायरलेस माइक घ्या. गर्दीत त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

यंत्राची सवय शांत खोलीत एका माणसाशी बोलून सुरू करा, मग दोघे, मग बाहेर. याला काही आठवडे लागतात. यंत्र दिवसभर कानात राहिलं तरच मेंदू जुळवून घेतो. "लग्नापुरतं घालतो" म्हणणाऱ्यांना त्याचा फायदा कधीच मिळत नाही.

आणखी काही चुका:

- फक्त ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणतपासणीच्या आलेखावर विसंबणं: ती तपासणी शांत कक्षात शुद्ध सुरांवर होते. गोंगाटात वाक्यं ऐकवून होणारी चाचणी वेगळी मागून घ्या. आलेख सारखा असूनही दोन माणसांत मोठा फरक निघतो.
- यंत्राचा आवाज कानात प्रत्यक्ष किती पोचतो याचं बारीक नळी घालून मोजमाप न करता यंत्र बसवून घेणं. कारखान्यातल्या सेटिंगवर उंच पट्टी अनेकदा कमी पडते.
- दोन्ही कान सारखेच अधू असताना एकच यंत्र घेणं. आवाजाची दिशा कळायला आणि गर्दीतून एक आवाज वेगळा काढायला दोन कान लागतात.
- यंत्र मंद झालं, की लगेच दुरुस्तीला धाडणं. आधी मळ अडवणारी जाळी बदला. झिंक-एअर बॅटरीचं स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या, मगच ती बसवा.
- कानात काड्या घालणं. मळ आत ढकलला जातो.
- मागे टीव्ही चालू ठेवून महत्त्वाचं बोलणं. बंद करा, एवढंच.

आणि एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर ते वयावर ढकलू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकणं परत येण्याची आशा जास्त.