वेब आणि ईमेल फिल्टर निवडताना या चुका टाळा

मोठ्या संस्थेसाठी फिल्टर घ्यायचा म्हटलं की चर्चा कॅटेगऱ्यांची यादी आणि स्पॅम पकडण्याचे टक्के यांभोवतीच फिरते. माझ्या मते पहिली चूक इथेच होते. फिल्टर किती ओळखतो हे नंतर बघा. त्याच्यासमोरून काय जातच नाही, हे आधी शोधा.

एमएक्स बदलला, मागचं दार उघडंच

क्लाउड गेटवे (येणारा मेल आधी तपासणारी बाहेरची सेवा) घेतला, एमएक्स रेकॉर्ड (संस्थेचा मेल कुठे द्यायचा ते सांगणारी नोंद) तिकडे वळवला, की काम संपलं असं धरलं जातं. पण मूळ मेल सर्व्हर पोर्ट 25 वर (मेल घेण्याच्या ठरलेल्या दारावर) अजूनही सगळ्यांकडून मेल घेत असेल, तर पाठवणारा एमएक्सकडे न बघता थेट त्या आयपीवर मेल टाकतो. गेटवेला त्याचा पत्ताही लागत नाही. संस्थेबाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून त्या आयपीला जोडून चाचणीचा मेल पाठवून बघा. घरच्या इंटरनेटवर बाहेर जाणारं पोर्ट 25 अनेकदा बंद असतं, त्यामुळे तिथून केलेली चाचणी खोटा दिलासा देते. मेल इनबॉक्समध्ये पडला, तर फायरवॉलवर फक्त गेटवेच्या आयपींना परवानगी ठेवा.

याच बदलानंतर ओळखीच्या लोकांचे मेल जंकमध्ये जायला लागतात. मागच्या सर्व्हरला आता प्रत्येक मेल गेटवेच्या आयपीवरून आलेला दिसतो, म्हणून एसपीएफ (पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनने मान्य केलेला आहे का, ही तपासणी) नापास होतं. त्यात गेटवेने विषयात ‘बाहेरचा मेल’ असा शिक्का जोडला, की बहुतेक वेळा डीकेआयएमची सहीही (मेल वाटेत बदलला नाही हे दाखवणारी डिजिटल सही) मोडते. ही तपासणी गेटवेवरच करा आणि मागच्या सर्व्हरवर गेटवेची नोंद विश्वासू रिले (मेल पुढे पोचवणारा सर्व्हर) म्हणून करा. बाहेर जाणाऱ्या मेलसाठी नव्या सेवेचा ‘इन्क्लूड’ (तिच्या सर्व्हरना मान्यता देणारी नोंद) एसपीएफमध्ये घालताना 10 डीएनएस लुकअपची (नावावरून पत्ता शोधण्याच्या विचारणांची) मर्यादा मोजा. ती ओलांडली की अख्खा रेकॉर्ड निकामी ठरतो.

माहितीपत्रकातला वेग

एचटीटीपीएस (साइटशी होणारी कूटबद्ध देवाणघेवाण) उघडून न बघणाऱ्या फिल्टरला फार तर साइटचं नाव कळतं, पान किंवा फाइल नाही. उघडून बघायचं तर प्रोसेसरवर मोठा भार येतो. माहितीपत्रकातला थ्रूपुट (ठरावीक वेळात किती डेटा हाताळतो) बऱ्याचदा डिक्रिप्शन, म्हणजे हे उघडून बघणं, बंद ठेवून मोजलेला असतो. डिक्रिप्शन आणि मालवेअर स्कॅन दोन्ही चालू असतानाचा आकडा लेखी मागा. बँक आणि आरोग्याच्या साइट न उघडण्याचा निर्णयही एकट्या आयटीने घेऊ नये. विधी आणि मनुष्यबळ विभागाची सही हवीच, कारण हा कर्मचाऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे.

क्विक (QUIC) हा वेबसाइट उघडण्याचा नवा प्रोटोकॉल यूडीपी 443 वरून जातो आणि अनेक प्रॉक्सींना (वेबची ये-जा तपासणाऱ्या मधल्या सर्व्हरना) तो तपासता येत नाही. तो अडवला की ब्राउझर आपोआप टीसीपीवर, म्हणजे नेहमीच्या मार्गावर, येतो. डीएनएसवर आधारलेला फिल्टर असेल, तर ब्राउझरमधलं डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस (पत्त्याची विचारणा कूटबद्ध करून पाठवणं) धोरणाने बंद करा.

नेहमीची तक्रार: ब्राउझर चालतो, पण पायथनची स्क्रिप्ट किंवा जावाचं अ‍ॅप सर्टिफिकेट एरर देतं. उघडून बघणारा फिल्टर साइटच्या जागी संस्थेचं सर्टिफिकेट दाखवतो, पण यांची विश्वासू सर्टिफिकेटची यादी सहसा ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा वेगळी असते. संस्थेचं रूट सर्टिफिकेट त्या यादीतही घाला. घाईत पडताळणीच बंद करणं हा सर्वात वाईट उपाय, आणि तोच सर्रास केला जातो. पिनिंग केलेली (ठरावीकच सर्टिफिकेट मानणारी) अ‍ॅप्स मात्र याने सुधारत नाहीत, त्यांना सूटच द्यावी लागते.

शब्दांची यादी

नुसते शब्द बघून अडवणं धोक्याचं आहे. 1996 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावात एक शिवी दडलेली होती. नवा नियम आधी फक्त नोंद घेण्यापुरता चालवा. महिनाअखेरही त्यात येऊ द्या, कारण पगार आणि बिलांचे मेल तेव्हाच अडकतात.

क्वारंटाइनमधला (अडवून बाजूला ठेवलेला) मेल कोण सोडणार आणि किती वेळात, हे खरेदीआधी ठरवा. संशयास्पद जाहिराती वापरकर्त्याने स्वतः सोडल्या तर चालेल. मालवेअर आणि फिशिंग म्हणून अडकलेला मेल सोडण्याचा अधिकार फक्त सुरक्षा टीमकडे ठेवा.