घरच्या कन्सोलसाठी नाचाचा गेम घेताय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या गेमच्या दुकानात जाऊन "नाचाचा गेम दाखवा" असे म्हटले, की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो "कन्सोल कोणता आहे?" हा. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र. प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, तो म्हणजे हा गेम आपला नाच ओळखणार कशाने? पायाखालच्या पॅडने, हातातल्या रिमोटने, मोबाईलने की समोरच्या कॅमेऱ्याने? याचे उत्तर ठरले की कन्सोल, आवृत्ती आणि खर्च हे तिन्ही निर्णय बरेचसे आपोआप मार्गी लागतात. ते न ठरवता केवळ नावावर किंवा खोक्यावरच्या चित्रावर भाळून घेतलेली डिस्क मात्र पहिल्या आठवड्यानंतर सहसा बाहेर निघत नाही.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळे नाचाचे गेम एकाच जातीचे समजणे. कोनामीचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' १९९८ मध्ये जपानमधल्या आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या गेम यंत्रांच्या दालनांत, आला आणि १९९९ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती पहिल्या प्लेस्टेशनवर निघाली. त्यात पडद्यावर वर सरकत जाणारे बाण ठरावीक रेषेवर पोहोचले, की त्याच क्षणी पायाखालच्या चार बाणांपैकी योग्य बाणावर पाय पडावा लागतो. हात हवेत फिरवा नाहीतर खिशात ठेवा, गेमला त्याच्याशी काही देणेघेणे नसते. याउलट युबिसॉफ्टच्या 'जस्ट डान्स' मालिकेत, जी २००९ मध्ये निन्टेंडोच्या 'वी' या कन्सोलवर सुरू झाली, समोरच्या नर्तकाची नक्कल करायची असते आणि रिमोट किंवा मोबाईल वापरत असाल तर गुण मिळतात ते प्रामुख्याने उजव्या हाताच्या हालचालीवर. पाय जागचे न हलवता सोफ्यावर बसून बरे गुण मिळवणारी मुले म्हणूनच घरोघरी दिसतात. तिसरी जात हार्मोनिक्सच्या 'डान्स सेंट्रल'ची. २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या किनेक्ट कॅमेऱ्यासाठी आलेला हा गेम संपूर्ण शरीर पाहतो. व्यायाम आणि ताल हवा असेल तर पहिली जात, पाहुण्यांच्या गोतावळ्यात धमाल हवी असेल तर दुसरी आणि खरोखर नाचाच्या स्टेप शिकायच्या असतील तर तिसरी, असा माझा ढोबळ निवाडा आहे. एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून करू नये.

एकच नाव, पण आतला माल वेगळा

जुन्या बाजारातून 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' घेणाऱ्यांची फसगत बहुधा नावावरून होते. 'एक्स्ट्रीम' या नावाने जपानमध्ये २००३ साली निघालेली प्लेस्टेशन २ ची आवृत्ती आणि अमेरिकेत २००४ साली त्याच नावाने निघालेली आवृत्ती यांची गाणी आणि रचना एकसारखी नाही. इंटरनेटवर एकीची गाण्यांची यादी वाचून दुसरीची डिस्क मागवली तर निराशा पदरी पडणार. युरोपात तर ही मालिका बराच काळ 'डान्सिंग स्टेज' या नावाने विकली गेली. हे आपल्यासाठी महत्त्वाचे अशासाठी, की भारतात अधिकृतपणे विकला गेलेला प्लेस्टेशन २ युरोपप्रमाणेच 'पाल' या विक्री-विभागातला होता आणि त्या कन्सोलवर डिस्क विभागानुसार बांधलेल्या असत. अमेरिकन डिस्क भारतीय प्लेस्टेशन २ मध्ये घातली तर यंत्र ती सरळ नाकारते. डिस्क खराब आहे असे समजून ती पुसत बसण्यात अर्थ नाही. निन्टेंडो वीलाही हेच विभागांचे कुलूप आहे. प्लेस्टेशन ३ पासून पुढच्या प्लेस्टेशनवर आणि निन्टेंडोच्या 'स्विच' या नव्या कन्सोलवर ही अडचण जवळपास उरलेली नाही, मात्र डाउनलोड करायची जादा गाणी ज्या देशाच्या खात्यातून घेतली जातात त्या देशाच्या डिस्कशीच जुळतात, हे विसरू नये.

मग काही जण परदेशातून कन्सोलच मागवतात आणि आगीतून निघून फुफाट्यात पडतात. जपानमधला वीजदाब १०० व्होल्ट, अमेरिकेतला साधारण १२० आणि आपल्याकडे २३०. अडॅप्टरच्या किंवा यंत्राच्या मागच्या चिठ्ठीवर "इनपुट" या शब्दापुढे १०० ते २४० असे लिहिलेले असेल तर नुसती पिन बदलून काम भागते. तिथे फक्त १०० किंवा १२० असा आकडा असेल तर दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातल्याशिवाय बटण दाबू नये. लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकच्या सामानाची दुकाने आहेत, तिथे असा ट्रान्सफॉर्मर मागता येतो, परंतु यंत्र किती वॅट खाते हे पाहूनच तो घ्यावा. ही चिठ्ठी वाचायला अर्धा मिनिट लागतो. न वाचल्यास पहिल्याच संध्याकाळी जळका वास येतो.

जुन्या आवृत्त्यांबाबत आणखी एक गोष्ट खोक्यावर कधीच लिहिलेली नसते. मूळ एक्सबॉक्सवरच्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन अल्ट्रामिक्स' मालिकेचे मोठे आकर्षण होते ते ऑनलाइन विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या संचांचे. मूळ एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा १५ एप्रिल २०१० रोजी बंद झाली. एक्सबॉक्स ३६० चे दुकानही २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. वीचे ऑनलाइन दुकान २०१९ मध्येच गेले. त्यामुळे "पुढे आणखी गाणी घेता येतील" हा विक्रेत्याचा शब्द जुन्या कन्सोलच्या बाबतीत हिशेबात धरू नये. डिस्कवर जेवढी गाणी आहेत तेवढीच आपली.

पॅडची गाठ कोणत्या भोकाशी?

पॅड आधी आणि डिस्क मागाहून, हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण प्रत्येक पिढीच्या कन्सोलला कंट्रोलरचे वेगळे भोक आहे. मूळ एक्सबॉक्सचे पॅड एक्सबॉक्स ३६० ला जात नाही आणि ३६० चे पॅड पुढच्या एक्सबॉक्स वनवर थेट चालत नाही. वीवरच्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'च्या 'हॉटेस्ट पार्टी' या २००७ च्या आवृत्तीचे पॅड वीवरच असलेल्या गेमक्यूबच्या (निन्टेंडोच्या आधीच्या कन्सोलच्या) भोकात बसते. वीच्या नंतरच्या 'फॅमिली एडिशन'मधून ती भोकेच काढून टाकलेली आहेत. दिसायला वी, नावाने वी, आणि तरी पॅड लावायला जागा नाही! सेकंडहँड वी घेताना वरच्या बाजूचे झाकण उघडून चार गोल भोके आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहावे. 'पंप इट अप' या कोरियन गेमचे पॅड तर मुळातच वेगळे: मध्ये एक आणि चार कोपऱ्यांत चार, असे पाच चौकोन. चार बाणांच्या पॅडवर तो खेळ नीट बसत नाही.

प्लेस्टेशन २ चे पॅड यूएसबी अडॅप्टर लावून संगणकाला जोडणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते, की एकेक बाण व्यवस्थित चालतो, पण डावा आणि उजवा एकदम दाबून उडी मारली की उडी चुकते. यात पॅडचा दोष नसतो. स्वस्त अडॅप्टर चार बाणांना चार स्वतंत्र बटणे न मानता जॉयस्टिकची दिशा मानतात, आणि जॉयस्टिक एकाच वेळी डावीकडे व उजवीकडे झुकू शकत नाही, म्हणून दोन्ही संकेत एकमेकांना खाऊन टाकतात. खरेदीपूर्वी दुकानातल्या संगणकावर कंट्रोलर तपासण्याची खिडकी उघडावी आणि दोन तळहातांनी डावा व उजवा बाण एकदम दाबून धरावा. पडद्यावर दोन निरनिराळे दिवे लागले तर अडॅप्टर घ्यावा. मधला फुलीचा ठिपका जागचा हलला नाही तर तो परत द्यावा. हीच तपासणी वर आणि खाली या बाणांचीही करावी.

पॅडच्या प्रकाराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. घडी घालून ठेवायचे पातळ पॅड स्वस्त असते, पण आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर ते सरकते आणि पाय हळूहळू बाणाच्या बाहेर जातो. खेळणाऱ्याला वाटते, गेम चुकीचे मोजतो. खाली रबरी जाळीची मॅट अंथरली की सरकणे बरेच कमी होते. घडी नेहमी एकाच रेषेवर घातली तर आतली संपर्काची पट्टी तिथेच चिरते, म्हणून असे पॅड गुंडाळून ठेवावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो: जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, ओल्या पायांनी खेळल्यावर, पॅडमध्ये ओल शिरते आणि न दाबलेला बाणही दाबल्यासारखा वागू लागतो. अशा वेळी पॅड जोडणीतून काढून पंख्याखाली दिवसभर उभे करून वाळवावे, उन्हात तापवू नये. बूट घालून तर या पॅडवर चढूच नये.

ज्यांना हा खेळ गांभीर्याने खेळायचा आहे त्यांनी पत्र्याच्या पॅडचा विचार करावा, आणि या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. उद्यमनगरात पत्रा कापून, वाकवून, भोके पाडून देणारे कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत. प्लायवूडचा पाया, त्यावर प्रत्येक बाणाखाली दोन धातूचे पत्रे आणि त्यांच्या कडांना फोमची बारीक पट्टी, एवढीच त्याची मूळ रचना: पाय पडला की पत्रे टेकतात, उचलला की सुटतात. तारा यूएसबीच्या एन्कोडर बोर्डाला जोडल्या की संगणक त्याला साधा कंट्रोलर समजतो. पत्र्याच्या कडा घासून गोल करून घ्याव्यात, नाहीतर अनवाणी पायाला कापतील. असे पॅड संगणकावर चालते. कन्सोल मात्र सहसा आपल्या ओळखीचाच कंट्रोलर मानतो. म्हणूनच, बाणांचा खेळ आवडतो की नाही हे अजून ठाऊक नसेल, तर जुना लॅपटॉप, 'स्टेपमेनिया' हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक यूएसबी पॅड, एवढ्यावर सुरुवात करावी आणि मगच कन्सोलकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

"बरोबर वेळी पाय टाकतो, तरी चूक दाखवतो"

ही तक्रार दहापैकी बहुतेक वेळा टीव्हीची असते. जुन्या खोकी टीव्हीवर चित्र जवळपास तत्काळ उमटत असे. आजचा सपाट टीव्ही चित्र सुशोभित करण्यात वेळ घालवतो. मिनिटाला १५० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतर ०.४ सेकंद असते आणि त्या ठोक्याचा चौथा भाग ०.१ सेकंदाचा. टीव्हीने तेवढाच उशीर केला, तर जलद पावलांत आपण एक पूर्ण पाऊल मागे पडतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू करावा, चित्र गुळगुळीत करणारे पर्याय बंद करावेत आणि आवाज ब्लूटूथ स्पीकरवर कदापि नेऊ नये, कारण ब्लूटूथ आवाजाला स्वतःचा उशीर जोडतो. एवढे करूनही फरक राहिला तर गेममधले वेळ जुळवण्याचे सेटिंग पाहावे. स्टेपमेनियात ते आहे, जुन्या डिस्कांत मात्र प्रत्येक वेळी असेलच असे नाही. प्लेस्टेशन २ साठी कोणाच्या माळ्यावर पडलेला खोकी टीव्ही मिळत असेल तर तो आनंदाने घ्यावा.

नव्या 'जस्ट डान्स'चे हिशेब वेगळे

२०२३ च्या आवृत्तीपासून 'जस्ट डान्स' फक्त स्विच, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांवर येऊ लागला. प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन असलेल्यांसाठी २०२२ ची आवृत्ती शेवटची. वीवाल्यांसाठी २०२० ची. सालाचा मोठा आकडा पाहून डिस्क घेण्याआधी खोक्यावरचे कन्सोलचे नाव वाचावे. २०२३ च्या आवृत्तीच्या खोक्यात तर डिस्क नसून डाउनलोडचा कोड असतो. याचा अर्थ असा, की एकदा वापरलेले खोके सेकंडहँड बाजारात कवडीमोलाचे असते, ते कितीही नवे दिसले तरी घेऊ नये. शिवाय या आवृत्तीला इंटरनेटची जोडणी लागते आणि बरीचशी जुनी गाणी वेगळ्या मासिक किंवा वार्षिक वर्गणीत आहेत. म्हणून खोक्याच्या किमतीत वर्गणी मिळवूनच तुलना करावी.

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर हात ओळखण्याचे काम मोबाईल करतो. मोबाईल जोडला जात नसेल तर तो आणि कन्सोल एकाच वाय-फायवर आहेत का हे आधी पाहावे. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क ठेवलेले असेल तर त्यावरची उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत. मोबाईलमधला बॅटरी वाचवण्याचा पर्याय अॅपला मध्येच झोपवतो, तोही बंद ठेवावा. लहान मुलांच्या हाती मोबाईल देऊन नाचवणे मला धोक्याचे वाटते, आणि याच कारणासाठी मुलांच्या घरात स्विच व त्याचे मनगटाला बांधायचे कंट्रोलर सरस ठरतात. मात्र स्विच लाइट घेऊ नये. तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. स्विच आपल्याकडे बहुतांशी आयात होऊन येतो, तेव्हा वॉरंटी कोण देणार हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.

कॅमेऱ्याच्या मार्गाने जाणाऱ्यांनी खोली मोजावी. किनेक्टला एका माणसासाठी सुमारे ६ फूट आणि दोघांसाठी ८ फूट अंतर हवे असते. पेठेतल्या जुन्या घरांत टीव्ही आणि कॉट यांच्यामध्ये तेवढी मोकळी जागा निघतेच असे नाही. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले आणि नव्या एक्सबॉक्स सिरीजवर तो चालत नाही. त्यामुळे 'डान्स सेंट्रल' घ्यायचाच असेल तर एक्सबॉक्स ३६०, त्याचाच किनेक्ट आणि डिस्क हे तिन्ही एकाच विक्रेत्याकडून, त्याच्या समोर चालवून घ्यावे. किनेक्टसाठी जुन्या जाड ३६० ला स्वतंत्र वीजजोडणी लागते. तो अडॅप्टर पिशवीत आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे.