घाटावर झोपणाऱ्यांच्या पायाची जखम
पावसाळ्यात नाशिकच्या रामकुंडाच्या घाटावर झोपणाऱ्यांचे पाय दिवसभर ओले राहतात. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून फाटते. आधी विचारा, “काका, पाय बघू का?” हातमोजे घाला. उकळून गार केलेल्या पाण्याने आणि साध्या साबणाने पाय धुवा, बेचक्या कोरड्या टिपा, वर गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) ठेवून पट्टी बेताची बांधा. आवळली तर रक्त अडतं. चुना, रॉकेल अजिबात नको. पट्टी ओली झाली की बदलावीच लागते, म्हणून उद्याची भेट तिथेच ठरवा. नुसती मलमाची ट्यूब देऊन भागत नाही, ती ठेवायला जागाच नसते. टाचेला टोचलेलं कळत नसेल तर मधुमेह किंवा कुष्ठरोगाची तपासणी हवी. कातडी काळी, अळ्या किंवा ताप दिसला, तर १०८ला फोन करा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.